पोर्टातली ‘कायम’ नोकरी

प्रश्न : आम्ही उरणचे. शेती बंदरात गेली. मुलगा बारावी सायन्स, ६४ टक्के. ओळखीचा एक माणूस चार लाखांत पोर्टात कायम चिकटवून देतो म्हणतोय. मुलगा ऐकत नाही, दिवसभर शेजाऱ्यांचे फ्रिज खोलून बसतो. त्याला समजवा. – एक वडील

उत्तर : राग मानू नका, पण समजवायचं तुम्हालाच आहे. अख्ख्या पत्रात मुलाबद्दल धड एकच वाक्य, तेही तक्रारीचं. जमीन गेल्याचं दुःख खरं आहे. पण न्हावा शेवा बंदर १९८९ ला सुरू झालं, तेव्हा हा पोरगा जन्मलाही नव्हता. तो हिशोब त्याच्याकडून कशाला वसूल करता? आणि ते चार लाख घरातच राहू द्या.

‘पोर्टात कायम’ हे तुमच्या तरुणपणचं चित्र झालं. न्हावा शेव्यात बंदराचं स्वतःचं कंटेनर टर्मिनलही २०२२ मध्ये खाजगी कंपनीकडे गेलं. आता बंदर प्राधिकरण मुख्यतः जागामालक, कंटेनरची चढउतार कंपन्यांची. केरळात विळिंजम बंदराच्या यार्डातल्या, म्हणजे कंटेनर रचून ठेवायच्या आवारातल्या, क्रेनमध्ये माणूस चढतच नाही. कंट्रोल रूममध्ये पडद्यासमोर बसून त्या चालवतात, आणि चालवणाऱ्यांत तिथल्या मच्छीमार वस्तीतल्या बायका आहेत. मग तुमचा माणूस नेमकं कुठे चिकटवणार, विचारलंत का?

आता ते फ्रिज. तांबड्या समुद्रात जहाजांवर येमेनच्या हुथी बंडखोरांचे हल्ले सुरू झाले आणि २०२४ च्या हंगामात नाशिकची द्राक्षं आफ्रिकेला वळसा घालून युरोपला गेली. प्रवास साधारण दोन आठवड्यांनी लांबला. तेवढे दिवस माल शून्य अंशाच्या आसपास ठेवायचा. रीफर कंटेनर म्हणजे चाळीस फुटी फ्रिजच हो! तोच कॉम्प्रेसर, तोच कंडेन्सर. यार्डात प्लग लावला की तापमानाचा आकडा कुणीतरी येऊन बघतो. सेन्सर खोटं बोलला तर युरोपात पेटी उघडल्यावर कळतं. मार्ग लांबले, वेळापत्रकं कोलमडली, तरी हे रीफर सांभाळणाऱ्या माणसाचं काम वाढलंच.

बारावी सायन्सवर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. इलेक्ट्रिकल घेऊ द्या. डिप्लोमाला ६० टक्के पडले तर पुढे चार महिन्यांचा ईटीओ (जहाजावरचा इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसर) कोर्स करून जहाजावरही जाता येतं. जहाज हाकणारा डेक ऑफिसर व्हायचं तर आयएमयू-सीईटी ही प्रवेश परीक्षा आहे. त्याला नको असेल तर विषय संपला.

पुढचं पत्र त्यालाच लिहू द्या. आणि शेजाऱ्यांचे फ्रिज फुकटात करत असेल, तर तेवढं मात्र बंद करायला सांगा.