आफ्रिकन ग्रे पोपट छातीची पिसं उपटतोय, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की पर्वरीच्या नव्या फ्लॅटमध्ये आल्यापासून तुमचा ग्रे छातीची आणि मांड्यांची पिसं उपटतोय, आणि दुकानदाराने माइट्सचा स्प्रे हातात ठेवलाय. तो स्प्रे आधी बाजूला ठेवा. घरात एकट्या राहणाऱ्या पोपटाच्या बाबतीत कीड हे कारण क्वचितच निघतं. शिवाय पिसांवर मारलेलं औषध तो चोचीने साफ करताना पोटात घेणार, ते वेगळंच. खोबरेल, हळद वगैरे घरगुती उपायही नकोत. तेलाने पिसं चिकटतात, अंगाची ऊब राखता येत नाही आणि त्याचं उपटणं आणखी वाढतं.

मग त्याचं डोकं बघा. तिथली पिसं शाबूत असतील तर हे काम त्याचं स्वतःचंच आहे, कारण त्याची चोच तिथे पोचत नाही. डोकंही उघडं पडलं असेल, किंवा नवी पिसं वाकडी, बुडाशी आवळलेली येत असतील, तर पिसं आणि चोच खराब करणाऱ्या विषाणूची शंका घ्यावी लागते. खाली पडलेलं एखादं पीसही उजेडात धरून बघा. आपसूक गळलेलं पीस देठापासून टोकापर्यंत अखंड असतं. कुरतडलेल्या पिसाचा दांडा चघळलेला दिसतो, आणि पीस कोवळं असताना उपटलं असेल तर बुडाशी रक्त असतं.

डॉक्टरांकडे जायचंच आहे, पण आधी फोन करा. गोव्यात कुत्र्यामांजरांचे डॉक्टर भरपूर, पक्ष्यांवर हात बसलेले मोजके. सरळ विचारा, ‘पोपटाचं रक्त काढता का?’ हो म्हणाले तरच गाडी काढा. रक्तात यकृत आणि जस्त तपासायला सांगा, विष्ठाही न्या, आणि विषाणूची चाचणी करून घ्या. जस्ताचं मुद्दाम सांगतोय, कारण घराबरोबर पिंजराही नवा घेतला असेल आणि तो गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या जाळीचा असेल, तर पोपट जाळी चावून जस्त पोटात घेतो. परवडत असेल तर स्टेनलेस स्टीलचाच पिंजरा घ्या.

खाण्याचं म्हणाल तर नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर वाढलेल्या ग्रेला अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम कमी पडतं. आपल्याकडे पावसाळ्यात शेंगदाण्याला बुरशी धरते आणि तिचं विष थेट यकृतावर जातं. म्हणून शेंगदाणे बंदच करा. तांबडी भाजी (लाल माठ), शेवग्याचा पाला, लाल भोपळा, पपई द्या, आणि पेलेट्सवर, म्हणजे पक्ष्यांच्या तयार गोळी-खाद्यावर, हळूहळू आणा. एकदम बदललंत तर तो उपाशी बसेल. ॲव्होकॅडो आणि चॉकलेट अजिबात नको.

रिपोर्ट स्वच्छ आले तर कारण घरातच शोधायचं. इथे बहुतेक लोक आधी खेळणी विकत घेतात. मी म्हणेन, आधी वही घ्या. तो किती वाजता उपटतो, त्या वेळी घरात काय चालू असतं, एवढंच लिहीत जा. आमच्या फोंड्याच्या घरातला ग्रे दुपारनंतरच छातीला लागायचा. वही भरत गेली तेव्हा कळलं की त्याच वेळी समोरच्या माडावर घार येऊन बसायची. पिंजरा खिडकीतून काढून भिंतीला टेकवला, एक बाजू कापडाने झाकली, तशी पुष्कळ निवांती आली. दिवाळीत नरकासुराच्या रात्रीच्या गोंगाटात मात्र आजही त्याला आतल्या खोलीत हलवतो.

तुमच्या घरात मला संशय झोपेचा आहे. हॉलमध्ये रात्री अकरापर्यंत टीव्ही चालत असेल तर त्याची झोप होत नाही. त्याला १० ते १२ तास अंधार आणि शांतता लागते. एसी दिवसभर असेल तर त्वचा कोरडी पडते, म्हणून सकाळी कोमट पाण्याची बारीक फवारणी करा. दोघंही कामावर जात असाल तर मागे त्याला उद्योग ठेवा. सोडणाच्या (नारळाच्या काथ्याच्या) जुड्या, स्वच्छ केलेली करवंटी, कागदात गुंडाळलेला खाऊ. रानातला ग्रे दिवसाचा बराच वेळ खाणं शोधण्यात घालवतो, आणि वाटी भरून समोर ठेवली की त्याचं ते कामच संपतं.

तो उपटायला लागला की ‘अरे नको, नको!’ म्हणत धावू नका. तेवढ्यासाठीही तो उपटायला शिकतो. शांत खेळत असताना जवळ जा. आणि घरातल्या सगळ्यांना सांगा, लाड फक्त डोक्याचे आणि मानेचे. पाठीवर, पंखाखाली हात फिरवला की तो माजावर येतो.

पिसं परत यायला महिने लागतात. फार काळ उपटलेल्या जागी कदाचित येणारही नाहीत, ते धरून चाला. कातडी फोडली किंवा रक्त थांबेना, तर मक्याचं पीठ लावून दाबून धरा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

जाता जाता, ग्रेची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी केलीय ना? २०२४ च्या नियमांनी ती लागते. आपला हिरवा देशी पोपट असता तर वन्यजीव कायद्याखाली पाळणंच गुन्हा ठरला असता.