'द गॅलरी' हा अल्बम नेमका कसा ऐकायचा? 'मेलोडिक' म्हणतात, पण मला त्यात मेलडी सापडतच नाही

तुम्ही लिहिलंय की आयर्न मेडन तुमचा आवडता बँड, म्हणून कुणीतरी डार्क ट्रँक्विलिटी या स्वीडिश बँडचा 'द गॅलरी' सुचवला. प्रकार मेलोडिक डेथ मेटल, म्हणजे गुरगुरत्या गळ्याचं जड मेटल, पण सुरावटींवर उभं. दोनदा लावला, दोन्ही वेळा तिसऱ्या गाण्यापाशी बंद केला, कारण वरून नुसतं गुरगुरणं आणि खाली गोंगाट. हा अल्बम माझ्या फार जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मेलडी आहे. भरपूर आहे. पहिल्या ऐकण्यात तिचं भरपूर असणंच आड येतं. हे मला फार उशिरा कळलं, आणि तेही एका मोडक्या हेडफोनमुळे.

2004 साली मी पुण्यात हॉस्टेलवर राहत होतो. खोलीतल्या मित्राने मला एक सीडी राइट करून दिली, त्यात 'द गॅलरी' होता. माझ्या हेडफोनचा उजवा कान गेलेला होता. सहा-सात महिने मी हा अल्बम फक्त डाव्या कानाने ऐकला. गाणाऱ्याचा आवाज आणि ड्रम मधोमध असतात, त्यामुळे ते ऐकू यायचे, आणि त्यांच्यासोबत एक गिटार. त्या एका गिटारीची प्रत्येक ओळ मला पाठ झाली. बसमध्ये, मेसच्या रांगेत मी ती गुणगुणायचो. मग परीक्षा संपल्यावर बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी जाऊन नवा हेडफोन घेतला, खोलीवर येऊन 'पनिश माय हेवन' लावलं, आणि उजव्या कानात दुसरीच गिटार सुरू झाली. मला पाठ असलेल्या सुराची ती नक्कल नव्हती. ती तिचं स्वतःचं काही सांगत होती, कधी माझ्या ओळखीच्या ओळीच्या मध्ये शिरत, कधी तिच्या विरुद्ध दिशेने जात. त्या रात्री मी अख्खा अल्बम तीनदा ऐकला.

तुमच्या प्रश्नाचं माझ्यापाशी असलेलं उत्तर खरं तर एवढंच आहे: एका वेळी एकाच कानाने ऐका. पण त्यामागचं कारण सांगायला हवं.

मेडनमध्ये दोन गिटारी बहुतेक वेळा एकच चाल दोन उंचींवर वाजवतात. आकार एकच, म्हणून कान ती जोडी लगेच एक म्हणून धरतो आणि आपण ती गाऊही शकतो. 'द गॅलरी'मध्ये निक्लास सुंदिन आणि फ्रेड्रिक योहान्सन हे दोघं अनेक ठिकाणी दोन वेगळ्या चाली एकाच वेळी वाजवतात. खाली मार्टिन हेन्रिक्सनचा बेस तिसऱ्याच वाटेने चाललेला असतो. म्हणजे एका क्षणाला तीन सुरावटी, आणि आंदेर्श यिवार्पचे ड्रमही गप्प बसणारे नाहीत. शिवाय एकही कल्पना फार वेळ टिकत नाही. दुसरा बँड ज्या सुरावटीवर अख्खं गाणं उभं करेल, ती इथे चार-आठ वेळा येते आणि निघून जाते. मेडन ऐकणाऱ्या कानालाही हे एकदम झेपत नाही, त्यात तुमचा काही दोष नाही.

आपल्या कानांची आणखी एक सवय इथे आड येते. आपण ज्या संगीतात वाढलो त्यात सूर गळ्यात असतो. भजन असो, नाट्यगीत असो की भावगीत, पेटी गळ्यामागून जाते आणि ऐकणारा गळ्याकडे कान लावून असतो. त्या सवयीने 'द गॅलरी' लावला की आपण गळ्यातून सूर येईल म्हणून वाट बघत बसतो, तो येत नाही, आणि आपण ठरवतो की इथे सूर नाहीच. इथे गायची जागा गिटारींनी घेतली आहे. मग गळा काय करतो? मला त्याचं सगळ्यात जवळचं नातं कथकातल्या पढंतीशी वाटतं. बोल म्हणणारा गात नसतो, तरी त्याचं म्हणणं संगीतच असतं. शब्दाचा आघात कुठे पडतो, कुठे ताणला जातो, कुठे तोडला जातो यात सगळी मजा असते. मिकाएल स्टानेचा आवाज असा ऐकून बघा. त्याचे शब्द डेथ मेटलच्या मानाने पुष्कळ स्पष्ट आहेत, आणि ओळ कुठे तोडायची याचं त्याचं भान मला विलक्षण वाटतं.

हे भान कुठून आलं असावं, याबद्दल माझा एक अंदाज आहे. स्टाने आधी या बँडचा गिटारवादक होता. गोथेनबर्गजवळच्या बिल्डाल गावात 1989 मध्ये या शाळकरी पोरांनी 'सेप्टिक ब्रॉयलर' नावाने सुरुवात केली, मग नाव बदललं. 1993 मध्ये पहिला अल्बम 'स्कायडान्सर' आला तेव्हा गात होता आंदेर्श फ्रीदेन. त्यानंतर फ्रीदेन बाहेर पडला, स्टानेने गिटार खाली ठेवली आणि माइक घेतला, आणि त्याच्या गिटारीच्या जागी योहान्सन आला. याच सुमारास गावातल्या इन फ्लेम्स या दुसऱ्या बँडला गायक नव्हता, तर त्यांच्या 1994 च्या 'लूनर स्ट्रेन'वर पाहुणा म्हणून गायला स्टानेच, आणि पुढे त्यांचा कायमचा गायक झाला फ्रीदेन. दोन मित्र-बँडमध्ये अशी सरळ अदलाबदल झाली. 'द गॅलरी' म्हणजे जेमतेम एकविशीतल्या, नुकत्याच गायक झालेल्या एका गिटारवादकाचा स्वतःच्या बँडसाठी गायलेला पहिला पूर्ण अल्बम. गिटारीची ओळ कुठे श्वास घेते हे त्याला आतून माहीत होतं, असं मला ऐकताना सतत जाणवतं.

गोथेनबर्गसारख्या एका मध्यम आकाराच्या बंदराच्या शहरात इतके वाजवणारे एकाच वेळी कसे, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडायचा. स्वीडनमध्ये नगरपालिकांच्या संगीतशाळा असतात, तिथे मुलांना अगदी कमी पैशांत वाद्य शिकता येतं. आणि सरकारी अनुदानावर चालणारी अभ्यासमंडळं तरुणांच्या बँडना तालमीला जागा मिळवून देतात. हिवाळा लांब, संध्याकाळ दुपारीच सुरू होते, आणि तालमीची खोली उबदार. प्रतिभा वेगळी गोष्ट आहे, पण रोज वाजवायला जागा असणं ही तितकीच मोठी गोष्ट आहे. आपल्याकडे बँड करणाऱ्या मुलांना विचारा, शेजाऱ्यांची तक्रार येण्याआधी किती मिनिटं वाजवता येतं.

गोथेनबर्गच्या या बँडच्या आधी स्वीडिश डेथ मेटल म्हटलं की स्टॉकहोम. एंटुम्बड या बँडचा 'लेफ्ट हँड पाथ' 1990 चा, सनलाइट स्टुडिओत झालेला, करवतीसारखा करकरणारा गिटारचा आवाज. गोथेनबर्गच्या पोरांना तो जडपणा हवा होता, पण लहानपणी ऐकलेलं मेडनही सोडायचं नव्हतं. 'द गॅलरी'च्या नंतरच्या आवृत्तीत त्यांनी वाजवलेली दुसऱ्यांची गाणी जोडलेली आहेत. त्यात मेडन, मेटॅलिका, क्रिएटर आणि मर्सिफुल फेट आहेत. ही नावं ओळीने वाचली तरी अल्बम कुठून आला ते कळतं.

सगळं एकाच स्टुडिओत घडलं हेही नवल आहे. गोथेनबर्गचा स्टुडिओ फ्रेडमन आणि तिथला निर्माता फ्रेड्रिक नूर्डस्ट्रम. नोव्हेंबर 1995 मध्ये अ‍ॅट द गेट्स या बँडचा 'स्लॉटर ऑफ द सोल' आला, त्याच महिन्यात ऑस्मोस या फ्रेंच कंपनीने 'द गॅलरी' काढला, आणि फेब्रुवारी 1996 मध्ये इन फ्लेम्सचा 'द जेस्टर रेस'. तिन्ही फ्रेडमनचे. लोक या तिघांत श्रेष्ठ कोण यावर भांडतात. मला 'स्लॉटर' सुरीसारखा वाटतो, चौतीस मिनिटांत काम संपवणारा, एकही फालतू हालचाल नाही. पुढे अमेरिकेतल्या मेटलकोरवाल्यांनी त्याच्याकडून किती घेतलं हे ऐकूनच कळतं. 'द जेस्टर रेस' गुणगुणायला सर्वात सोपा. अनेक जण तुम्हाला सांगतील की आधी तो ऐका, मग इकडे या. मी तसं सांगणार नाही, कारण तिथून आलेला माणूस इथेही तशाच सोप्या, एकेरी चाली शोधतो आणि पुन्हा निराश होतो.

आता प्रत्यक्ष ऐकण्याबद्दल. पहिल्या गाण्यापासून सुरू करू नका. 'लीथी' लावा. ग्रीक पुराणातली ही विस्मरणाची नदी, तिचं पाणी प्यायलं की मागचं सगळं पुसलं जातं. सुरुवातीला एकटा बेस वाजतो, स्वच्छ, कुठलाही करकर नसलेला, आणि तो चक्क गातो. इथे कानाला पहिल्यांदा शांतपणे कळतं की या लोकांच्या हातात सूर आहे. मग गिटारी येतात, तेव्हा तुम्ही आधीच सुराच्या मागे लागलेले असता, आणि गळा आला तरी तो धागा सुटत नाही.

दुसरं, 'द गॅलरी' हे शीर्षकगीत. त्यात मध्ये एका स्त्रीचा स्वच्छ आवाज येतो. काहींना तो भाग भाबडा वाटतो. मला नाही वाटत. इतक्या दाटीत एक खिडकी उघडावी तसा तो येतो, आणि तो गेल्यावर स्टानेचा आवाज आधीपेक्षा जास्त दुखरा वाटू लागतो.

मग 'पनिश माय हेवन'. आधी डावा कान, दोनदा. मग उजवा, दोनदा. मग दोन्ही. मोबाइलच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू असेल तर आधी बंद करा, नाहीतर दोन्ही कानांत एकच मिश्रण येईल आणि सगळा खटाटोप वाया जाईल. स्पीकरवर तर सुरुवातीला ऐकूच नका.

शेवटची दोन गाणी एकत्र ऐका. 'माइन इज द ग्रँजर' हा छोटा, फक्त वाद्यांचा, अकूस्टिक तुकडा आहे, आणि त्याच्या नावाचं वाक्य पुढच्या 'ऑफ मेलंकली बर्निंग'च्या नावात पुरं होतं. माझी आई पेटी शिकलेली. सुट्टीत घरी गेलो असताना तो तुकडा लागलेला होता, ती दारात थांबून ऐकत राहिली आणि म्हणाली, "हे परत लाव." पुढचं गाणं सुरू झाल्यावर ती स्वयंपाकघरात निघून गेली, पण त्या दिवशी तिच्याशी बोलताना मला एक गोष्ट लक्षात आली. या संगीताचा मुख्य रंग मायनर स्केलचा आहे. साधी मायनर म्हणजे आपल्या आसावरी थाटाचेच स्वर, आणि हार्मोनिक मायनर म्हणजे कीरवाणीचे. मांडणी परकी आहे, पण त्या स्वरांतली हुरहुर आपल्या कानाने आधी कितीदा तरी ऐकलेली आहे. तुम्हाला ती ओळख एकदा पटली की अर्धं काम होईल.

गीतांचे शब्द पहिल्या खेपेला वाचू नका. परभाषेत लिहिणाऱ्या तरुणांची ती जुन्या वळणाची, अलंकारांनी लगडलेली इंग्रजी आहे. काही ओळी मला फार आवडतात, काही नुसत्याच भरजरी आहेत. सावकाश वाचा. मुखपृष्ठ मात्र जरूर निरखून बघा. क्रिस्टियान वोलिनचं आहे. त्या काळच्या स्वीडिश आणि नॉर्वेजियन अल्बमांना त्यानेच चेहरा दिला, आणि तो स्वतः गोथेनबर्गच्या ग्रोटेस्क या बँडमध्ये वाजवायचा.

अल्बम निर्दोष आहे असं माझं म्हणणं नाही. ध्वनिमुद्रण दाटीवाटीचं आहे, खालचा पट्टा पातळ वाटतो, आणि मधल्या एक-दोन गाण्यांत कल्पना इतक्या भराभर बदलतात की एकही मनात रुजत नाही. 'मिडवे थ्रू इन्फिनिटी' मी अजूनही पुष्कळदा पुढे ढकलतो. पाऊण तासाहून मोठा अल्बम एका बैठकीत संपवायलाच हवा असं काही नाही.

बँडने पुढे ही दाटी स्वतःच सोडली. 1999 च्या 'प्रोजेक्टर'वर स्टाने चक्क साध्या गळ्याने गायला, कीबोर्ड आले, गाणी मोकळी झाली. पुढचं काम मला आवडतं, पण दोन गिटारींचा असा संवाद त्यांनी पुन्हा केला नाही. योहान्सन त्याच सुमारास बाहेर पडला. 2022 मध्ये तो कर्करोगाने गेला. 2024 च्या 'एंडटाइम सिग्नल्स'मध्ये 'वन ऑफ अस इज गॉन' हे गाणं त्याच्यासाठी आहे. सुरुवातीच्या मंडळींपैकी आता बँडमध्ये एकटा स्टाने उरलाय. ते गाणं मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा लगेच 'द गॅलरी' काढला आणि कितीतरी वर्षांनी पुन्हा एक कान काढून ठेवून ऐकला. डावीकडची गिटार अजून पाठ आहे. उजवीकडची मात्र मला अजूनही थोडी पाहुण्यासारखी वाटते, सहा महिने उशिरा आलेली.

आज रात्री 'लीथी' ऐका, उद्या 'पनिश माय हेवन' एकेका कानाने. मग इथे खाली लिहा, तुम्हाला आधी कोणत्या बाजूची गिटार पाठ झाली.