दर आठवड्याला २०% पाणी बदलूनही रीफ टँकचं (कोरल ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकचं) नायट्रेट ४० च्या खाली का येत नाही? पाणी बदलणं कमी केलं तर चालेल का?

चालेल. पण उद्यापासून नाही, आणि नुसतं कमी करूनही नाही. तुम्ही दिलेले आकडे असे: टँकमध्ये प्रत्यक्ष पाणी २५० लिटर, दर रविवारी ५० लिटर बदल, बदलाच्या आधी नायट्रेट (खाणं आणि विष्ठा कुजून पाण्यात साठणारं द्रव्य) ४० पीपीएम, म्हणजे लिटरमागे ४० मिलिग्रॅम, सहा मासे, दिवसातून दोनदा खाणं. फॉस्फेटचा आकडा दिलेला नाही. त्याबद्दल पुढे बोलतो, कारण खरी मेख तिथेच असते.

आधी हिशेब करू. ४० मधला पाचवा हिस्सा काढला की ३२ उरतात, आणि पुढच्या रविवारी तुम्ही परत ४० वर. म्हणजे तुमच्या टँकमध्ये आठवड्याला ८ पीपीएम नायट्रेट तयार होतं. हा ८ जोवर तसाच आहे, तोवर बदलाच्या आधीचा आकडा ८ भागिले बदलाचं प्रमाण इथेच येऊन थांबणार. २०% बदललं तर ४०. १०% वर आलात तर हळूहळू ८०. दर आठवड्याला अर्धा टँक उपसलात तरी १६. मीठ पोत्याने संपवूनही १६! पाणी बदलून नायट्रेट आटोक्यात ठेवता येतं हा समज या एका भागाकारापुढे टिकत नाही, तरी तो वर्षानुवर्षं नवख्यांच्या गळ्यात मारला जातो, याची मला मनापासून चीड आहे.

आता हा ८ येतो कुठून ते पाहा. २५० लिटरमध्ये ८ पीपीएम म्हणजे २ ग्रॅम नायट्रेट, त्यात साधारण ०.४५ ग्रॅम नायट्रोजन. प्रथिनांच्या वजनात नायट्रोजन सुमारे १६% असतो, म्हणजे २.८ ग्रॅम प्रथिनं. कोरड्या खाद्यात प्रथिनं निम्मी धरली तर आठवड्याला साडेपाच ग्रॅम खाद्य झालं, दिवसाला ०.८ ग्रॅम. तुमची रोजची चिमूट एकदा काट्यावर तोलून पाहा, बहुधा त्याच्या आसपासच निघेल. त्याच खाद्यात फॉस्फरस १% धरला तर आठवड्याला जवळजवळ ०.७ पीपीएम फॉस्फेट आत जातं. पाण्यात ते तेवढं दिसत नाही, कारण थोडं स्किमर (फेस करून घाण बाहेर काढणारं यंत्र) काढतो, थोडं शेवाळ आणि जिवाणू खातात आणि बरंच लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेले सच्छिद्र दगड) आणि वाळू धरून ठेवतात.

हा दगडातला साठा समजून घ्या. हे दगड आणि वाळू ज्याची बनलेली असतात त्या अ‍ॅरागोनाइटच्या पृष्ठभागाला फॉस्फेट चिकटतं आणि पाण्यातलं प्रमाण घटलं की सुटतं. म्हणून पाणी बदलल्यावर तासाभराने घेतलेली टेस्ट सुंदर येते आणि दोन-तीन दिवसांनी आकडा जवळपास जागेवर येतो. किट बिघडलेलं नसतं, दगड बोलत असतो. किती टँकांमध्ये लोक याच फेऱ्यात अडकून आठवड्याला दोन-दोन बदल करत बसतात!

खाद्य कमी करा असं मी सांगणार नाही. नीट खाणारे मासे आणि भरलेली कोरल्स याचसाठी तर टँक ठेवतो आपण. गोठवलेलं खाद्य धुऊन घालायची मोठी शिफारस होते, पण फॉस्फेटचा मोठा वाटा मांसातच असतो, धुवायच्या पाण्यातून फार थोडा जातो. धुतलं तर बिघडत नाही, आकडे मात्र हलणार नाहीत. बाहेर काढायची सोय वाढवा. फिल्टर सॉक (पाणी गाळायची कापडी पिशवी) दर तीन दिवसांनी बदला. आठवडाभर ठेवला तर त्यात अडकलेला गाळ तिथेच कुजून नायट्रेट होतो, मग सॉक असून नसल्यासारखा. सम्पच्या (मुख्य टँकला जोडलेल्या खालच्या टाकीच्या) तळाचा आणि दगडांमागचा गाळ नळीने ओढा, तेच पाणी ५ मायक्रॉनच्या सॉकमधून गाळून परत सोडा. गाळ जातो, पाणी जात नाही. स्किमरचा कप आणि मान दोन-तीन दिवसांनी पुसा, मानेत चिकट थर बसला की फेस वर चढतच नाही. स्किमरच्या कप्प्यातली पाण्याची पातळीही एकसारखी ठेवा, ती खाली-वर झाली की फेस कधी ओला तर कधी गायब.

सम्पमध्ये जागा असेल तर चेटो (गुंत्यासारखं वाढणारं हिरवं शेवाळ) लावा. दिवा मुख्य टँकच्या उलट वेळेला, रात्री लावा, म्हणजे रात्रीची पीएचची घसरणही कमी होते. गुंता घट्ट होऊ देऊ नका, आतला भाग अंधारात कुजतो. दर दोन आठवड्यांनी तिसरा हिस्सा काढून टाका. काढलेला चेटो हीच खरी निर्यात, नुसता वाढलेला नाही. चेटो फिका पडून तुटायला लागला तर बहुधा लोह आणि मँगनीज संपलेलं असतं.

एवढ्यानेही भागलं नाही तर कार्बन डोसिंग, म्हणजे जिवाणूंना खाऊ घालून त्यांच्याकडून नायट्रेट खपवणं. मला व्होडकापेक्षा साधं ५% पांढरं व्हिनेगर बरं वाटतं. आठपट लागतं, म्हणून मोजताना एखादा मिलिलिटर इकडे-तिकडे झाला तरी अंगावर येत नाही. तुमच्या टँकला पहिले तीन दिवस रोज २ मिली, आठवडा संपेपर्यंत ४ मिली, मग दर आठवड्याला ४ मिलीने वाढ. दिवे लागलेले असताना, जोराच्या प्रवाहात आणि शक्यतो दोन-तीन वेळांत वाटून द्या. जिवाणू वाढताना ऑक्सिजन खातात, म्हणून स्किमर बंद असेल त्या दिवशी डोस नाही म्हणजे नाही. पाणी दुधाळ दिसलं तर डोस थांबवा, हवेचा पंप लावा, आणि पुढे निम्म्यावरून सुरू करा. नायट्रेट उतरायला लागलं की वाढवणं बंद, १० च्या आसपास आल्यावर हळूहळू डोस घटवत तोल साधा.

इथे एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. नायट्रेट साठत असताना अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलायची ताकद) खाल्ली जाते, ५० पीपीएमला साधारण २.३ डीकेएच (अल्कलिनिटीचं माप), आणि नायट्रेट उतरताना ती परत मिळते. ४० वरून १० वर येताना तुमची अल्कलिनिटी वरच्या बाजूला सरकेल, म्हणून त्या काळात डोसर (अल्कलिनिटीचं द्रावण आपोआप घालणारा पंप) जुन्याच आकड्यावर चालू ठेवू नका. पोषक द्रव्यं कमी आणि अल्कलिनिटी १०-११, अशा पाण्यात अ‍ॅक्रोपोरा या फांदीदार कोरलची टोकं जळतात. ७.५ ते ८.५ च्या दरम्यान ठेवा.

आता शून्याच्या वेडाबद्दल, कारण नायट्रेट उतरायला लागलं की हे वेड लागतंच. ओळखीच्या एका घरी ३०० लिटरचा टँक होता, त्यात हॅमर आणि टॉर्च ही कोरल्स, थोडी अ‍ॅक्रोपोरा. बसवून देणाऱ्याचं ठाम मत असं, की शून्य म्हणजे स्वच्छ. त्याने फॉस्फेट शोषणारं जीएफओ पूर्ण मात्रेत लावलं आणि सोबत व्होडकाही सुरू केली. नायट्रेट ०, फॉस्फेट ०.००, मालक खूश. आधी अ‍ॅक्रोपोरा फिकी पडली. मग वाळूवर आणि दगडांवर तपकिरी शेंबडासारखे धागे आले, प्रत्येक धाग्याच्या टोकाला हवेचा बुडबुडा. रात्री ते विरळ होत, दुपारपर्यंत पुन्हा दाट. टर्बो गोगलगायी काचेवरून गळून उलट्या पडायला लागल्या. बसवणाऱ्याचं निदान, "पाणी घाण झालंय, आठवड्यातून दोनदा ३०% बदला." प्रत्येक बदलानंतर धागे आणखी माजत गेले. नव्या मिठाबरोबर सूक्ष्म मूलद्रव्यं येत होती, आणि त्यांच्याशी स्पर्धा करणारे जिवाणू आणि शेवाळ मात्र उपाशी होते.

एक थेंब ४०० पट मोठा करून पाहिला की सगळं उघड होतं. एका बाजूला निमुळत्या झालेल्या थेंबाच्या आकाराच्या पेशी त्या टोकाशी अडकवल्यासारख्या जागेवरच गोल फिरत होत्या. ऑस्ट्रिऑप्सिस, विषारी डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे एकपेशी सूक्ष्मजीव. मग सगळं उलट केलं. जीएफओ काढलं, व्होडका पायरीपायरीने बंद, पाणी बदलणंही बंद. सोडियम नायट्रेटने नायट्रेट ८ वर आणि ट्रायसोडियम फॉस्फेटने फॉस्फेट ०.०८ वर नेऊन ठेवलं. हा प्रकार रात्री पाण्यात उतरतो, म्हणून यूव्ही (जंतू मारणारा अतिनील दिवा) सम्पमध्ये न लावता थेट मुख्य टँकच्या पाण्यावर लावला, दर १०-१२ लिटरला १ वॉट या मापाने. विषासाठी ताजा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन. टँक सावरला. बसवणारे गृहस्थ आजही म्हणतात की पाणी पुरेसं बदललं नाही म्हणून ते झालं. त्यांना आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांना माझं सांगणं एकच आहे: रीफला भूक असते, आणि उपाशी ठेवलेला रीफ ४० नायट्रेटवाल्या रीफपेक्षा लवकर मरतो.

तुम्हाला कधी फॉस्फेट वाढवायची वेळ आली तर: बारा रेणू पाण्याचं ट्रायसोडियम फॉस्फेट ४ ग्रॅम, एक लिटर आरओ-डीआय (क्षार काढलेल्या) पाण्यात. त्याच्या दर मिलीत १ मिलिग्रॅम फॉस्फेट. तुमच्या टँकमध्ये ५ मिली म्हणजे ०.०२ पीपीएम. दुसऱ्या दिवशी आकडा खाली दिसला तर दचकू नका, दगडांनी ओढून घेतलं असतं. व्हिनेगर वाढवूनही नायट्रेट हलत नाही याचंही कारण बऱ्याचदा हेच असतं, जिवाणूंना फॉस्फेट मिळत नाही. आणि उलट बाजूने जीएफओ लावायचंच असेल तर बरणीवरच्या मात्रेच्या पाव भागाने सुरुवात करा, तपकिरी धूळ जाईपर्यंत धुवा, आणि फॉस्फेट दिवसाला ०.०२ पेक्षा जास्त घसरू देऊ नका. एकदम घसरलं की कोरलची कातडी बुडापासून सुटते.

माझ्या मते नायट्रेट ५ ते १५ आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ या पट्ट्यात राहिलं की मोजणं सोडून कोरल्सकडे बघावं. फॉस्फेटला रंग जुळवायचं किट या पट्ट्यात निरुपयोगी आहे, हॅनाचा अल्ट्रा लो चेकर घ्या. फॉस्फरसवाला असेल तर पीपीबीचा (पीपीएमच्या हजाराव्या हिश्शाचा) आकडा ३.०६६ ने गुणून हजाराने भागा. त्याची चूकच ५ पीपीबी, म्हणजे फॉस्फेटमध्ये ०.०१५, तेव्हा एका वाचनावर निर्णय नको. शून्यावर लावताना आणि मोजताना तीच कुपी, तीच बाजू, आणि बोटांचे ठसे पुसलेले.

मग पाणी बदलायचं कशासाठी? क्षारांच्या तोलासाठी. सोडियम बायकार्बोनेट आणि कॅल्शियम क्लोराइड असं टू-पार्ट (कोरलसाठीची दोन द्रावणं) घालत असाल तर कोरल कॅल्शियम आणि कार्बोनेट घेतं, मागे साधं मीठ उरतं. रोज १ डीकेएच खपत असेल तर वर्षभरात लिटरमागे सुमारे साडेसात ग्रॅम मीठ जमा होतं. सॅलिनिटी (खारेपणा) ३५ वर राखायला तुम्ही पाणी काढून गोडं पाणी घालणार, आणि त्यात सल्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पातळ होत जाणार. पाणी बदल बंद केल्यावर काही महिन्यांनी "अचानक" बिघडणाऱ्या टँकांचं कारण बरेचदा हेच, नायट्रेट नव्हे. यावर सोपा उतारा म्हणजे टॉप-ऑफमधून (उडालेलं पाणी भरून काढायच्या गोड्या पाण्यातून) चुन्याचं पाणी. लिटरला दीड ते दोन ग्रॅम शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड घालून ढवळायचं, निवळू द्यायचं, तळाचा पांढरा साका टँकमध्ये जाऊ द्यायचा नाही. दिवसाला ३ लिटर बाष्पीभवन असेल तर त्यातून सुमारे १.३ डीकेएच भागते आणि मीठ उरत नाही. त्याचा पीएच १२ च्या वर असतो, म्हणून थेंबाथेंबानेच. टॉप-ऑफचा फ्लोट अडकून बादलीभर एकदम गेलं तर टँक गेला, दुसरा फ्लोट लावाच. त्याहून जास्त खप असेल तर कॅल्शियम रिअ‍ॅक्टर (चुनखडी विरघळवून टँकला देणारं यंत्र). उरलेल्या फरकासाठी २५० लिटरला ७.५ ग्रॅम बायकार्बोनेट म्हणजे १ डीकेएच, हे लक्षात ठेवलं की पुरे.

पाणी बदल कमी केल्यावर अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन दर तीन-चार आठवड्यांनी बदला. लेदर आणि सिन्युलॅरिया ही मऊ कोरल्स जी रसायनं सोडतात ती आता पाण्याबरोबर जाणार नाहीत. दोन-तीन महिन्यांनी आयसीपी टेस्ट (प्रयोगशाळेतली मूलद्रव्यांची तपासणी), म्हणजे आयोडीन, पोटॅशियम संपतंय का आणि तांबं, कथील, अ‍ॅल्युमिनियम साठतंय का ते कळेल. टॉप-ऑफच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) ० नसेल तर या सगळ्याला अर्थ नाही, कारण टँकमधून फक्त शुद्ध पाणी उडतं, बाकी सगळं मागे राहतं.

तुमच्यासाठी क्रम असा: दोन महिने २०% चालू ठेवून सॉक, गाळ, स्किमर, चेटो एवढंच करा. आठवड्याची वाढ ८ वरून ३ वर आली की बदल १०% करा, आकडा ३० च्या आसपास थांबेल. व्हिनेगरने ती जवळपास शून्यावर आली की महिन्यातून एकदा १०% पुरे. टँक सहा महिन्यांच्या आतला असेल तर यातलं काहीच करू नका, नेहमीचे बदल चालू ठेवा. आणि एखादा मोठा मासा दगडामागे मेला, औषध पडलं किंवा आयसीपीत तांबं वर आलं, तर मी वर लिहिलेलं सगळं विसरून त्याच दिवशी ३०% बदला, सॅलिनिटी आणि तापमान जुळवून.

फॉस्फेट मोजून आकडा कळवा. तो ०.०२ च्या खाली निघाला तर व्हिनेगरला हात लावायच्या आधी थांबा.