संपादकाने लेखात एवढे बदल का केले?

प्रश्न : मी ब्रिटिश युद्धनौका ड्रेडनॉटवर लेख लिहिला, संपादकांनी ‘ताशी 21 नॉट’ मधलं ताशी उडवलं, वजनावर प्रश्नचिन्ह टाकलं आणि तारीख पण परत तपासा म्हणाले. वाईट वाटलं हो. सगळं ऐकायलाच पाहिजे का?

उत्तर : वाईट वाटणारच, पण या तिन्ही जागी संपादक बरोबर आहेत. नॉट म्हणजेच तासाला एक सागरी मैल, 1.852 किलोमीटर, त्यामुळे ताशी आपोआप आलंच. तारखेचं म्हणाल तर जहाज पाण्यात सोडलं फेब्रुवारी 1906 मध्ये आणि नौदलात दाखल झालं डिसेंबरमध्ये, तुम्ही नुसतं ‘तयार झालं’ लिहिलंत तर वाचक कुठली धरणार? वजनाचंही तसंच, नेहमीच्या भाराला साधारण 18,000 टन आणि कोळसा दारूगोळा सगळा भरला की 20,000 च्या वर, म्हणून कुठला आकडा ते लिहाच. मात्र 12 इंची 10 तोफा आणि टर्बाइन इंजिनं यांचा तुमचा परिच्छेद कापत असतील तर अजिबात ऐकू नका, जुन्या युद्धनौका एका झटक्यात मागे पडल्या त्या त्यामुळेच, फोन करून शांतपणे हे सांगा.