इंग्रजी शिकायला परदेशी, पण किती आठवड्यांसाठी?

आंब्याचे पैसे हाती आले आणि निकाल लागले की कोकणातून येणाऱ्या पत्रांत एक विचारणा हमखास असते: इंग्रजीसाठी परदेशात किती दिवस राहावं? यंदाच्या पत्रांतले सात प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : बी.कॉम. झालंय, शाळा मराठी माध्यमाची. वाचलेलं समजतं, बोलताना मात्र अडखळते. इंग्लंडमध्ये महिनाभराचा कोर्स पुरेल की तीन-सहा महिने राहावं लागेल? बाबा म्हणतात, एकदाच जा आणि पक्कं करून ये. (चिपळूण)

महिने ठरवण्याआधी तास मोजायला हवेत. युरोप परिषदेने २००१ साली भाषेच्या सहा पायऱ्या ठरवून दिल्या: ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१, सी-२. परदेशातल्या बहुतेक इंग्रजी शाळा याच मापाने वर्ग लावतात. केंब्रिजच्या परीक्षा संस्थेचा अंदाज असा की, शून्यापासून सुरुवात धरली तर बी-१ गाठायला शिक्षकाच्या हाताखाली ३५० ते ४०० तास लागतात, बी-२ ला ५०० ते ६०० आणि सी-१ ला ७०० ते ८००. म्हणजे एकेक पायरी ढोबळमानाने दोनशे तासांची.

आता जाहिरातीतल्या ‘आठवड्याला २० तासिका’ घ्या. तासिका बहुतेक ठिकाणी ४५ मिनिटांची असते, तेव्हा वीस तासिकांचे प्रत्यक्षात १५ तास होतात. चार आठवड्यांत ६० तास, बारा आठवड्यांत १८०, चोवीस आठवड्यांत ३६०. सर्दी-ताप आणि बँक हॉलिडे (तिथल्या सार्वजनिक सुट्ट्या) यांपायी त्यातले दहा टक्के तरी वजा धरा. सुट्टीच्या दिवसाचा वर्ग सहसा भरून मिळत नाही. तेव्हा महिनाभरात एका पायरीचा जेमतेम तिसरा हिस्सा पदरात पडतो.

तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमचं वाचन बी-१ च्या आसपास आणि बोलणं ए-२ चं असावं. मराठी माध्यमातून आलेल्यांची ठेवण बहुधा अशीच असते: व्याकरण पाठ, कान कच्चा. पहिल्या सोमवारी शाळेत चाचणी होते. त्यातली पर्यायी उत्तरांची प्रश्नपत्रिका आपली मुलं छान सोडवतात आणि थेट बी-२ च्या वर्गात जाऊन बसतात. तिथे ब्राझीलचा किंवा इटलीचा मुलगा चुकत-माकत का होईना, धडाधड बोलत असतो. आपण मात्र आठवडेच्या आठवडे गप्प. म्हणून तोंडी मुलाखतीत स्पष्ट सांगा की बोलण्याच्या पातळीप्रमाणे वर्ग हवा आहे. चुकीचा वर्ग मिळालाच तर पहिल्याच आठवड्यात बदलून मागा.

आमचा सल्ला बारा आठवड्यांचा आहे, पण त्याआधी तीन महिने घरी कान तयार करून. तो सराव चिपळुणात बसून फुकट होतो, त्यासाठी पाउंड मोजू नयेत. रोज दोन मिनिटांचं ध्वनिमुद्रण घ्या, सोबत त्याची लिखित प्रत हवी. प्रत न बघता दोनदा ऐका. तिसऱ्यांदा थांबत-थांबत ऐकून शब्द न् शब्द वहीत उतरवा. मग प्रत काढून ताडून पाहा आणि सुटलेल्या शब्दांखाली लाल रेघ ओढा. सुटलेले शब्द कठीण नसतात, असं दिसेल. ‘टू’, ‘ऑफ’, ‘हॅव’, ‘अ’ असले बारके शब्दच निसटतात. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला जवळपास सारखं वजन देतो. इंग्रजीत एका अक्षरावर जोर येतो आणि आजूबाजूची गिळली जातात, त्यामुळे ‘शुड हॅव’ कानावर ‘शुडव’ असं येतं. हे एकदा कानाला कळलं की तिथे गेल्यावरचे पहिले दोन-तीन आठवडे नुसते बावरून जात नाहीत.

बाबांना सांगा की चोवीस आठवडे तेव्हाच घ्यावेत, जेव्हा पुढच्या नोकरीला किंवा प्रवेशाला बी-२ च्या वरची पायरी लागणार असते. आणि नोंदणी करताना एक पथ्य पाळा. आठवडे वाढवणं सोपं असतं, कमी करून पैसे परत मिळवणं जवळपास अशक्य. बाराची नोंदणी करा आणि पुढे वाढवल्यास लांब कोर्सचा स्वस्त दर मिळेल का, ते आधीच ईमेलवर लिहून घ्या.

प्रश्न : तारकर्लीजवळ आमचा होमस्टे आहे. पावसाळ्यात पाहुणे नसतात. जुलैत दोन-तीन आठवडे माल्टा किंवा इंग्लंडला जाऊन इंग्रजी सुधारेल का? वय ४४. (मालवण)

नेमका जुलै टाळा. युरोपातल्या शाळांच्या सुट्ट्या तेव्हा सुरू असतात. इटली-स्पेनमधून पोरांचे जथे येतात, वर्ग भरून जातात, हंगामापुरते शिक्षक घेतले जातात आणि राहण्याचे दर चढतात. वर्गात तुमच्या शेजारी अठरा-वीस वर्षांची मुलं असतील. सप्टेंबरपासून गर्दी ओसरते, पण गणपती सोडून तुम्ही जाल असं वाटत नाही आणि ऑक्टोबरात तुमचाच हंगाम सुरू होतो.

खरं तर तुमची गरज वेगळी आहे. तुम्हाला अख्खी भाषा नको, पाच-सहा प्रसंग हवेत: फोनवरचं बुकिंग, खोली दाखवणं, जेवण समजावणं, रस्ता सांगणं, तक्रार ऐकून घेणं आणि समुद्रात कुठे उतरू नये हे ठामपणे बजावणं. दोन आठवड्यांच्या सामूहिक वर्गात ३० तास मिळतात आणि त्यात या विषयांवर तासभरही बोलणं होत नाही. तेवढेच तास एका शिक्षकाबरोबर ऑनलाइन घ्या आणि धडे तुम्हीच ठरवा. सोलकढीचंच बघा. ‘कोकम’ म्हणजे काय हे सांगत बसलात तर पाहुणा गोंधळतो. आंबट फळ, नारळाचं दूध, थोडी मिरची-लसूण, गार करून जेवणाच्या शेवटी प्यायची, अशा क्रमाने पाच छोटी वाक्यं बसवा. प्रत्येक पदार्थाची अशी पाच-पाच वाक्यं मोठ्याने म्हणून रेकॉर्ड करा.

एवढं करूनही जायची इच्छा राहिली तर चार आठवड्यांपेक्षा कमी नको, आणि तिशीच्या वरच्यांसाठी वेगळा वर्ग चालवणारी शाळा निवडा. माल्टात इंग्रजी राजभाषा आहे, रस्त्यावर मात्र माल्टीज कानी पडते. शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) तिथे १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं.

प्रश्न : मी जीएनएम नर्स आहे. यूकेत नोकरीसाठी इंग्रजीची परीक्षा द्यायची आहे. आधी तीन महिने तिकडे शिकून यावं का? (रत्नागिरी)

नको. तुम्हाला ठरलेल्या परीक्षेतले ठरलेले गुण हवेत आणि त्यांची तयारी इथे होते. यूकेची नर्सिंग परिषद आयईएलटीएसमध्ये वाचन, ऐकणं, बोलणं यांत ७ आणि लेखनात ६.५ मागते. ओईटी या आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीच्या इंग्रजी परीक्षेत पहिल्या तिन्हींत ३५० आणि लेखनात ३०० लागतात. तुम्ही वॉर्डात काम करत असाल तर ओईटीचा विचार करा, कारण त्यातलं लेखन म्हणजे रुग्णाच्या टिपणांवरून ४५ मिनिटांत लिहायचं पत्र आणि बोलणं म्हणजे रुग्णाशी किंवा नातेवाइकाशी होणारे दोन संवाद. पत्रात गुण जातात ते टिपणातली प्रत्येक ओळ उतरवल्याने. पत्र वाचणाऱ्याला काय लागणार आहे तेवढंच निवडायचं असतं. घाई करून परीक्षा देऊन ठेवू नका, निकाल दोनच वर्षं ग्राह्य धरतात.

प्रश्न : मुलगा सोळा वर्षांचा आहे. मे महिन्याच्या सुट्टीत चार आठवडे इंग्लंडला पाठवावा म्हणते. (दापोली)

आपली सुट्टी आणि तिकडची सुट्टी जुळत नाही, ही पहिली अडचण. मुलांसाठीचे उन्हाळी वर्ग तिथे मुख्यतः जूनअखेर ते ऑगस्ट चालतात आणि आपली शाळा-कॉलेजं जूनच्या मध्यावर सुरू होतात. सोळा पूर्ण झालेल्यांना काही शाळा मोठ्यांच्या वर्गात घेतात, पण संध्याकाळी त्याच्याकडे कोण बघणार, परतायची वेळ काय, यजमान कुटुंबाची तपासणी झाली आहे का, हे लेखी विचारा. पालकांचं संमतिपत्रही लागतं. ओळख, हिंमत आणि चार मित्र एवढीच अपेक्षा असेल तर चार आठवडे ठीक आहेत. इंग्रजी पायरीभर वाढेल म्हणून पाठवणार असाल तर बारावीनंतर पाठवा.

प्रश्न : हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा झालाय. एजंट म्हणतो, आयर्लंडला २५ आठवड्यांचा इंग्रजी कोर्स घे, आठ महिने राहता येतं, काम करून खर्च निघतो. खरं आहे का? (सावंतवाडी)

पहिली दोन वाक्यं बरोबर, तिसऱ्यावर विसंबून घर सोडू नका.

आयर्लंड सरकारची मान्य अभ्यासक्रमांची यादी असते. तिच्यातला २५ आठवड्यांचा, आठवड्याला किमान १५ तासांचा इंग्रजी कोर्स घेतला तर आठ महिने राहण्याची परवानगी मिळते. एरवी आठवड्याला २० तास काम करता येतं. जून ते सप्टेंबर आणि १५ डिसेंबर ते १५ जानेवारी या काळात ४० तास. हजेरी ८५ टक्के हवी आणि शेवटी परीक्षेला बसावं लागतं. असे जास्तीत जास्त तीन कोर्स, मिळून दोन वर्षं. त्यापुढे नोकरीचा परवाना आपोआप मिळत नाही, हे एजंट सहसा सांगत नाहीत.

गेल्या-गेल्या काम मिळत नाही. आधी नोंदणी, मग कर-क्रमांक, मग बँक खातं. यात आठवडे जातात आणि डब्लिनचं भाडं पहिल्या दिवसापासून सुरू होतं. आठही महिन्यांचा राहण्या-जेवणाचा खर्च हाताशी ठेवूनच निघा, काम मिळालं तर ती वरकमाई समजा. भारतीयांना जाण्याआधी व्हिसा काढावा लागतो, आणि इंग्रजी भारतातही शिकता येत असताना आयर्लंडच का, याचं पटणारं उत्तर अर्जात नसेल तर नकार येऊ शकतो. व्हिसा नाकारला तर फी किती दिवसांत आणि किती कापून परत मिळेल, हे शाळेच्या लेटरहेडवर घ्या. एजंटच्या व्हॉट्सॲप निरोपावर भागवू नका.

आता इंग्रजीचं. २५ आठवडे गुणिले १५ म्हणजे ३७५ तास. बी-१ वर असताना गेलात तर भक्कम बी-२ होऊन येणं अगदी शक्य आहे. पण ए-२ वर गेलात तर काम मिळेल ते मागच्या मोरीत भांडी घासायचं. तिथे दोन्ही बाजूंना तुमच्यासारखेच इंग्रजी शिकायला आलेले, आणि सगळी बोली चाळीस शब्दांची. टेबलावर किंवा रिसेप्शनला उभं राहायला बी-१ तरी हवं, आणि इंग्रजी वाढतं ते तिथे, गिऱ्हाइकाशी बोलताना. तेव्हा आधी सावंतवाडी-कुडाळमध्येच सहा महिने घालून बी-१ गाठा, मग हे २५ आठवडे घ्या. आणि तुमचं बोलणं आधीच बी-२ चं असेल तर या कोर्सवर एक पैसा घालू नका.

प्रश्न : यूकेत सहा महिन्यांऐवजी अकरा महिन्यांचा कोर्स घेतला तर आठवड्याचा दर बराच उतरतो. पुढे तिथेच एमबीए करायचं मनात आहे. (अलिबाग)

फीचा दर उतरतो, घरभाड्याचा नाही. सहा महिन्यांची रेघ ओलांडली की कागदपत्रंही बदलतात. सहा महिन्यांपर्यंत मान्यताप्राप्त शाळेत व्हिजिटर व्हिसावर शिकता येतं. त्यापुढे अकरा महिन्यांपर्यंत इंग्रजीसाठीचा शॉर्ट-टर्म स्टडी व्हिसा लागतो. सोबत मंजूर दवाखान्यातलं क्षयरोग तपासणीचं प्रमाणपत्र, जे सहा महिने चालतं, आणि आरोग्य अधिभार. मुंबईत तपासणी होते, पण अलिबागहून एक दिवस मोडतोच. दोन्ही व्हिसांवर काम करता येत नाही. अकरा महिन्यांचा व्हिसा वाढवून मिळत नाही आणि तिथे बसून तो विद्यार्थी व्हिसात बदलूनही मिळत नाही. एमबीएसाठी तुम्हाला परत येऊन नव्याने अर्ज करावा लागेल.

दुसरी गोष्ट शाळेच्या आतली. दर सोमवारी नवे विद्यार्थी घेणाऱ्या शाळेत एका पातळीचं पुस्तक साधारण दहा-बारा आठवड्यांत संपतं आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरू होतं. पातळी बदलली नाही तर तेच धडे दुसऱ्यांदा वाट्याला येतात. पुस्तक कोणतं, किती आठवड्यांत संपतं आणि पुढे काय, हे विचारा. नाताळात शाळा एक-दोन आठवडे बंद असते, खोलीचं भाडं मात्र चालू राहतं.

एमबीए नक्की असेल तर इथेच आयईएलटीएस द्या. गुण थोडे कमी पडले तर विद्यापीठाचाच पूर्वतयारीचा कोर्स घ्या. अर्ध्या बँडची (आयईएलटीएसचे गुण बँडमध्ये मोजतात) तूट असेल तर बहुधा सहा-आठ आठवडे, एका बँडची असेल तर दहा-बारा. त्यात अहवाल लिहिणं, व्याख्यानाची टिपणं काढणं, संदर्भ देणं हे सगळं येतं, जे साध्या इंग्रजी शाळेत शिकवत नाहीत. पूर्वतयारी आणि पदवी दोन्हींचा प्रवेश एकत्र मिळाला तर एकाच विद्यार्थी व्हिसात काम होतं.

प्रश्न : जहाजावर डेकला लागायचं आहे. परदेशी कोर्स उपयोगी पडेल का? (दाभोळ)

अजिबात नाही. अनेक कंपन्या भरतीत मार्लिन्सची, म्हणजे खलाशांच्या इंग्रजीची चाचणी घेतात, ती इथूनच देता येते. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ साली जहाजावरच्या संभाषणाची प्रमाण वाक्यं ठरवून दिली आहेत. सुकाणूचे हुकूम, दोर बांधण्या-सोडण्याचे हुकूम आणि आग, गळती, माणूस पाण्यात पडणं हे तीन भाग आधी पाठ करा. हुकूम ऐकला की तोच शब्दशः मोठ्याने परत म्हणायचा, मग करायचा, ही सवय जोडीदाराबरोबर रोज वीस मिनिटं घाला.