नारळ पडून गाडीची मागची काच गेली: क्लेम करू की खिशातून भरू?

ठाण्याच्या एका वाचकाचा मेल आलाय, थोडक्यात सांगतो. २०१९ ची बीएमडब्ल्यू एक्स-वन, दोन लिटर डिझेल, सेकंडहँड घेतलेली. गेल्या रविवारी गुहागरला सासुरवाडीला गेले, गाडी माडाखाली लावली आणि दुपारी जेवायला बसले असताना धाडकन आवाज. नारळ थेट मागच्या काचेवर. कंपनीच्या वर्कशॉपनं ६४,००० सांगितले, बाहेरच्या काचवाल्यानं चांगल्या ब्रँडची काच बसवून २६,०००, आणि भंगारातून काढलेली काच १४,००० ला मिळतेय. पॉलिसी झिरो डेप (पार्ट्सवर घसारा न कापणारी) आहे, एनसीबी म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट ५० टक्के, आधीच्या गाडीपासून चालत आलेली. बायको म्हणते इन्शुरन्स काय शोभेला भरतो का, एजंटही म्हणतो क्लेम टाका. दोन वर्षांनी गाडी विकून नवीन घ्यायचा विचार आहे. हातात येणारा पगार १ लाख ४० हजार, एसआयपी २५ हजारांची, इमर्जन्सीसाठी ३ लाखांची एफडी. विचारतायत की क्लेम करू, की दोन महिने एसआयपी थांबवू, की क्रेडिट कार्डावर ईएमआय करू.

दादा, आधी एक सांगतो, माडाखाली गाडी लावल्याबद्दल मी काही बोलणार नाही, ते सासरेबुवांनी ऑलरेडी ऐकवलं असणार.

तर तुमच्या बायकोचा प्रश्न एकदम बरोबर आहे, बहुतेक लोक असाच विचार करतात की वर्षाला एवढा प्रीमियम भरतो तर मग वापरायचा कधी. पण गंमत अशी की क्लेम फुकट नसतो, त्याचं बिल पुढची पाच वर्षं हप्त्याहप्त्यानं येत राहतं, आणि त्यावर कुठे "काचेचे पैसे" असं लिहिलेलं नसतं म्हणून ते कुणाला दिसत नाही. माझ्या मेहुण्यानं असंच केलं होतं, ९,००० च्या काचेसाठी क्लेम टाकला, खिशातून फक्त दोन हजार भरावे लागले म्हणून आठवडाभर खुशीत होता, पुढच्या रिन्यूअलला प्रीमियम बघून मलाच फोन की अरे हे लोक लुटतायत. लुटत कुणी नव्हतं, एनसीबी गेला होता.

तर आता हिशोब, हा नीट बघा कारण सगळं याच्यावर आहे.

एनसीबी फक्त ओडी, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवर मिळतो, थर्ड पार्टीवर नाही. पहिलं वर्ष क्लेम नाही तर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पुढे ५०. ५० च्या वर जात नाही. एक क्लेम झाला की पुढच्या रिन्यूअलला शून्य आणि परत पहिलीपासून शाळा. तुम्ही लिहिलंय की एनसीबी वजा जाऊन ओडीचे १८,००० पडतात, म्हणजे मूळ ओडी ३६,०००. क्लेम केलात तर पुढच्या वर्षी ५० ऐवजी शून्य, म्हणजे ५० टक्के जास्त, त्याच्या पुढच्या वर्षी ५० ऐवजी २०, म्हणजे ३० टक्के जास्त, मग २५, मग १५, मग ५. बेरीज केली तर १२५ टक्के. म्हणजे सोपा आडाखा असा की ५० टक्के एनसीबी असलेल्या माणसाचा एक क्लेम मूळ ओडीच्या सव्वापट पडतो. तुमच्या बाबतीत ३६,००० ची सव्वापट ४५,०००.

गाडी जुनी होईल तशी आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, कमी होते आणि ओडीही उतरतो, म्हणून दरवर्षी १० टक्के उतार धरला तर ४५ चे ४० हजार होतात, पण प्रीमियमवर १८ टक्के जीएसटी लागतो तो धरला की परत ४७ हजारांच्या आसपास. क्लेम झाल्यावर कंपनी तिची स्वतःची ओडीवरची सूटही कमी करू शकते, ते मी धरलेलंच नाही.

आता बाहेरून २६,००० ची काच बसवायची असेल तर क्लेम करून वाचतात किती, तर २६ वजा फाइल चार्ज, म्हणजे क्लेममध्ये आपल्यालाच भरावी लागणारी ठरलेली रक्कम. १५०० सीसीच्या वरच्या गाडीला ती (पॉलिसीत हिला कंपलसरी डिडक्टिबल म्हणतात) २,००० असते, म्हणजे २४,०००. २४ वाचवायला ४७ घालवायचे. इथे प्रश्नच मिटला.

वर्कशॉपची ६४ ची काच घेतली तर मात्र क्लेममधून ६२ मिळतात आणि ४७ जातात, म्हणजे १५ हजारांचा फायदा दिसतो, आणि एजंटनं तुम्हाला बहुधा हेच डोळ्यासमोर ठेवून सांगितलं असेल. पण तुम्ही दोन वर्षांनी नवीन गाडी घेणार म्हणताय ना, तिथे गोची आहे. एनसीबी गाडीचा नसतो, माणसाचा असतो, तुम्ही तो जुन्या गाडीवरून या गाडीवर आणलात तसाच या गाडीवरून नव्या गाडीवर जाईल. समजा नव्या गाडीचा मूळ ओडी ७०,००० आहे. क्लेम नसेल तर ३५,००० माफ. क्लेम असेल तर तोपर्यंत तुम्ही २५ टक्क्यांवर पोचलेले असाल, म्हणजे पहिल्याच दिवशी साडेसतरा हजार जास्त. सगळं धरून मांडलं तर असं दिसतं: या गाडीवर पहिल्या वर्षी १८,०००, दुसऱ्या वर्षी साधारण ९,७००, नव्या गाडीवर १७,५००, मग साधारण ९,५०० आणि २,८००. बेरीज साडेसत्तावन्न, जीएसटी धरून ६८ हजारांच्या जवळ. म्हणजे कंपनीची महागडी काच जरी घेतली तरी क्लेम तुम्हाला घाट्यातच जातोय, फक्त तो घाटा नव्या गाडीच्या शोरूममध्ये कळेल आणि तेव्हा काचेची आठवणही राहिलेली नसेल.

हेच जर तुम्ही गाडी विकून दुसरी घेणार नसता, म्हणजे समजा परदेशी चाललात किंवा आता मेट्रोनंच फिरणार म्हणालात, तर एनसीबी सांभाळून काय लोणचं घालायचंय, डोळे झाकून क्लेम करा म्हटलं असतं. म्हणून हे उत्तर तुमच्यापुरतं आहे, शेजाऱ्याला फॉरवर्ड करताना जरा जपून.

आणि झिरो डेपचं एक. लोकांना वाटतं झिरो डेप आहे म्हणून काचेचे पूर्ण पैसे मिळतात. तसं नाहीये, काचेवर साध्या पॉलिसीतही घसारा कापत नाहीत. रबर, प्लास्टिक यांवर ५० टक्के कापतात, तिथे झिरो डेप कामाला येतं. तुमच्या केसमध्ये बीडिंग (काचेच्या कडेची पट्टी) आणि वायपरचं काही प्लास्टिक तुटलं असेल तेवढाच त्याचा उपयोग.

आता काचेबद्दल, कारण २६ आणि ६४ मधला ३८ हजारांचा फरक नेमका कशाचा हे कळल्याशिवाय तुम्हाला झोप लागणार नाही. पुढची काच लॅमिनेटेड असते, दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा थर, म्हणून ती तडकते पण जागेवर राहते आणि छोटा खड्डा असेल तर रेझिन भरून रिपेअरही होते. मागची बहुतेक गाड्यांत टेम्पर्ड असते, फुटली की खडीसाखर. सांधणं वगैरे काही नाही, बदलायचीच. त्या काचेत आडव्या तपकिरी रेघा असतात त्या डिफॉगरच्या, म्हणजे काच गरम करून धुकं घालवणाऱ्या, वायपरच्या मोटरसाठी भोक असतं, काही गाड्यांत रेडिओचा अँटेनाही काचेतच छापलेला असतो. बाहेरची काच घेताना एवढंच बघायचं की हे सगळं तिच्यात आहे आणि कनेक्टर तुमच्या गाडीच्या वायरला बसतोय. कोपऱ्यात मेकरचा शिक्का बघा, आयएसआय किंवा युरोपचा गोलातला ई मार्क. मोठ्या गाडी कंपन्या काच स्वतः बनवत नाहीत, सेंट-गोबेन सेक्युरिट, एजीसी, पिल्किंग्टन अशांकडून घेतात, आपल्याकडे चाकणला सेंट-गोबेन सेक्युरिटचा कारखानाच आहे. म्हणजे गाडीच्या लोगोचे पैसे किती आणि काचेचे किती याचा अंदाज तुम्हीच बांधा. पुढची काच असती तर मी एवढं बिनधास्त बोललो नसतो, कारण तिच्यावर गाडीच्या छताची मजबुती आणि एअरबॅगचा आधार असतो, आणि नव्या गाड्यांत एडीएएसचा, म्हणजे ड्रायव्हरला मदत करणाऱ्या यंत्रणेचा कॅमेराही तिथेच, तो परत कॅलिब्रेट करावा लागतो. मागच्या काचेच्या बिलात कुणी "कॅमेरा कॅलिब्रेशन" लावलं तर कुठला कॅमेरा, एवढं फक्त विचारा.

भंगारातली १४ वाली मात्र नको. काच चांगली असेलही, पण ती आधी एका गाडीतून कापून काढलेली असते, कडेला जुनं चिकट तसंच, कड कुठे दुखावलीय ते दिसत नाही आणि टेम्पर्ड काचेची कडच सगळ्यात नाजूक असते. १२ हजार वाचवायला जाऊन महाबळेश्वरच्या घाटात परत खडीसाखर नको.

बसवताना स्वतः उभे राहा. चिकटवायला पॉलियुरेथेन वापरतात, ते सुकायला वेळ लागतो, कारागीर सांगेल तेवढे तास गाडी हलवू नका आणि त्या दिवशी डिकी आपटू नका. डिकीचा कार्पेट उचलून स्टेपनीच्या खड्ड्यापर्यंत व्हॅक्यूम मारून घ्या, नाहीतर सहा महिन्यांनीही खडे निघतील. निघण्याआधी डिफॉगर चालू करून पाच मिनिटांनी काचेला हात लावा, कोमट लागली पाहिजे, आणि डिकीवरचा ब्रेक लाइट लागतोय का बघा कारण काच काढताना स्पॉयलर उघडतात. तोच माणूस काळी फिल्म लावून देतो म्हणेल, नको म्हणा. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानं फिल्मवर बंदी घातली होती, मागच्या काचेतून ७० टक्के उजेड आत यायलाच हवा हा नियम आहे, उगाच पावती फाडून घ्याल.

बिल मात्र पक्कं घ्या, आणि नारळासकट काढलेला फोटो जपून ठेवा. चेष्टा नाही करत. दोन वर्षांनी गाडी विकायला काढाल तेव्हा जाणकार गिऱ्हाईक प्रत्येक काचेच्या कोपऱ्यातला शिक्का बघतं, एकच वेगळी दिसली की मागून ठोकलीय का हा पहिला प्रश्न, आणि त्यावर भावात ४०-५० हजार पाडून मागतात. फोटो आणि बिल असेल तर तोंड बंद.

राहिला पैशाचा प्रश्न, २६ हजार आणायचे कुठून. एसआयपीला हात लावू नका. तोटा फार मोठा नाही हो दोन महिन्यांचा, पण थांबवलेली एसआयपी परत सुरू करायला लोक विसरतात, मी दरवर्षी अशा दोन-चार केसेस बघतो. क्रेडिट कार्डावर फुल पेमेंट करणार असाल तर खुशाल स्वाइप करा, पण ईएमआय नको, नो कॉस्ट म्हटलं तरी प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी लागतोच, आणि एक हप्ता चुकला की कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन-पावणेचार टक्क्यांपर्यंत जातं. एफडीतून काढा. पार्ट विड्रॉल चालत असेल तर तेवढीच मोडा, दंड एक टक्का धरला तरी २६ हजारांवर वर्षाला २६० रुपये, म्हणजे दोन माणसांची मिसळ. मग पुढचे पाच महिने पाच-साडेपाच हजार टाकून ती परत भरून काढा.

आणि ते भरून झाल्यावर तो हप्ता बंद करू नका, हेच खरं मला सांगायचंय. तुमची गाडी आज बाजारात १२-१५ लाखांची असेल, पण तिचे पार्ट्स अजून चाळीस लाखांच्या गाडीचेच आहेत, सेकंडहँड लक्झरी घेताना हे कुणी सांगत नाही. आज काच गेली, उद्या रनफ्लॅट टायर (पंक्चर झाले तरी थोडं अंतर चालणारे) येतील, एकेक पंधरा-वीस हजारांच्या घरात, आणि टायरची झीज कुठलाच इन्शुरन्स देत नाही. महिना पाच हजारांची एक आरडी गाडीच्या नावानं वेगळी ठेवा. तुमच्या पगारात ती बसते. ज्या महिन्यात बसणार नाही असं वाटेल त्या महिन्यात मला परत लिहा, तेव्हा आपण काचेबद्दल नाही, गाडीबद्दल बोलू.

तोवर काचेच्या जागी प्लास्टिक चिकटवून हायवेला जाऊ नका, डिझेलचा धूर मागून आत ओढला जातो, मुलं मागे बसतात.

आता एक गोष्ट जी तुम्ही लिहिलेलीच नाहीत आणि जिच्यामुळे माझं सगळं उत्तर उलटं होऊ शकतं. पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये अ‍ॅड-ऑनची यादी असते, तिथे झिरो डेपच्या खाली "एनसीबी प्रोटेक्ट" अशी ओळ आहे का बघा. एजंट लोक लक्झरी गाडीला पॅकेज देताना बरेचदा ते घालून देतात आणि आपल्याला पत्ताच नसतो. त्यात वर्षातून साधारण एक क्लेम एनसीबीला धक्का न लावता चालतो, आणि काही कंपन्यांच्या अटींत फक्त काचेचा क्लेम असेल तर एनसीबी शाबूत राहतो असंही असतं. अटी वाचा, एजंटच्या तोंडी शब्दावर जाऊ नका, कंपनीकडून मेलवर लिहून घ्या की या क्लेमनंतर रिन्यूअलला एनसीबी किती राहील. ती ओळ असेल तर वरची सगळी बेरीज-वजाबाकी विसरा, २,००० भरा आणि ६४ वालीच काच बसवा. फक्त हे आज-उद्यातच करा, नुकसान लगेच कळवायचं असं पॉलिसीत असतं, आणि सर्व्हेअर बघून जाईपर्यंत फुटलेली काच काढू नका, साफही करू नका. नारळ खाल्ला असेल तर ठीक आहे, तो मागणार नाहीत.