क्यूजीआयएस हे नकाशांचे सॉफ्टवेअर संथ चालते. जुन्या संगणकात महागडे ग्राफिक्स कार्ड बसवावे का?

बसवू नये. आपल्याकडे ८ जीबी रॅम आणि जुनी हार्ड डिस्क असताना डिचोली-सत्तरीचे उपग्रह चित्र व भूखंडांचा स्तर एकत्र उघडताच क्यूजीआयएस अडकते, यात कार्डाचा दोष नाही.

इतक्या ठामपणे सांगतो, कारण पणजीतील एका खासगी सल्लागार कार्यालयात याच मुद्द्यावर माझा वरिष्ठांशी वाद झाला होता. काम तिसवाडीतील खाजन जमिनींचे, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनींचे होते. मानशीतून (बांधातील पाण्याच्या दारातून) शिरलेले भरतीचे पाणी कुठवर पसरेल हे तिथे उंचीतील थोड्याशा फरकावरही ठरते, त्यामुळे उंचीचा रास्टर (बारीक चौकटींनी बनलेले अंकीय चित्र) अतिशय बारीक आणि तितकाच अवजड होता. माझे म्हणणे बाजूला सारून साहेबांनी गेम खेळणाऱ्यांसाठीचे कार्ड मागवले, आणि नकाशा पूर्वीइतकाच रखडत उघडत राहिला. क्यूजीआयएस द्विमितीय नकाशा मुख्यतः प्रोसेसरवर रेखाटते. शिवाय आमच्या फाइली सामायिक सर्व्हरवर असल्याने प्रत्येक झूमला माहिती नेटवर्कवरून ओढून आणावी लागे. पुढे त्या एनव्हीएमई एसएसडीवर (संगणकातीलच वेगवान साठवणीवर) उतरवल्या, रास्टरचे पिरॅमिड (दूरून पाहण्यासाठीच्या कमी तपशिलाच्या प्रती) तयार केले, स्तरांना स्पॅशियल इंडेक्स (जागेनुसार माहिती चटकन शोधणारी सूची) दिला आणि रॅम ३२ जीबी केली, तेव्हा काम सुरळीत झाले. बैठकीत श्रेय मात्र कार्डालाच मिळाले, हे येथे नोंदवून ठेवतो.

आपणही आधी एसएसडी आणि मग रॅम घ्यावी. मदरबोर्डवर एम.२ ची (एनव्हीएमई एसएसडी बसवण्याची) जागा नसेल तर जुन्या जोडणीच्या साटा एसएसडीनेही मोठा फरक पडतो. प्रोसेसर बदलायचाच झाला तर कोअरची (आतील गणना करणाऱ्या भागांची) संख्या पाहून भुलू नये, कारण क्यूजीआयएसमधील बरीच साधने एकाच कोअरवर चालतात. स्तर साठवायला शेपफाइल या जुन्या फाइल प्रकाराऐवजी जिओपॅकेज वापरावे (शेपफाइलची २ जीबीची मर्यादा केव्हा ना केव्हा आडवी येतेच) आणि सर्व स्तर यूटीएम ४३ उत्तर या एकाच प्रक्षेपात (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या पद्धतीत) ठेवावेत, म्हणजे नकाशा हलवताना दर वेळी रूपांतराचा भार पडत नाही.

अर्थात, ड्रोनची छायाचित्रे एकमेकांना जोडून एक चित्र करायचे असेल तर चांगले कार्ड खरोखरच वेळ वाचवते. आर्कजीआयएस प्रो हे नकाशांचे दुसरे सॉफ्टवेअर तर नकाशाही कार्डाच्या आधाराने रेखाटते, आणि ते केवळ विंडोजवर चालते. असे काम पुढेमागे येणार असेल, तर तूर्त पॉवर सप्लाय किती वॅटचा आहे तेवढे पाहून ठेवावे; कार्ड काम हाती आल्यावर घेता येईल.